तोमे म्हणजे पुरे

— नाही लिहिणार, एकदा सांगितलं ना तात्सुओ! शाई घोटून झालीय, कागद अंथरलाय, आज बाळाची सातवी रात्र, देवाच्या फळीखाली नाव लागायला हवं, घरी लाल भात शिजतोय — सगळं कळतंय मला. चाळीस वर्षं या गावातल्या पोरांची नावं मीच लिहितेय. तुझंही मीच लिहिलं, आणि तू माझ्या बाहीवर मुतलास. पण तोमे? म्हणजे ‘थांब, आता पुरे’ — कोणाला सांगताय हे? त्या सात दिवसांच्या पोरीला? नाव आहे की नळाची तोटी?

तुझ्या आईने सांगितलं म्हणे! तिसरीही मुलगीच, मग हिचं नाव तोमे ठेवलं की पुढचा मुलगा — कुठला देव रे दारोदार नावं वाचत फिरतो? वर उत्तरेला, आमच्या खेड्यात, ढिगाने तोमे असायच्या. एका वर्गात आम्ही तिघी, आणि तिघींच्या पाठीवर मिळून पाच मुली! काय थांबलं? सांग ना, काय थांबलं?

असा काय बघतोस? — बरं, गेलं तोंडातून. कोसेत्सु हे माझं मी घेतलेलं नाव, सहीपुरतं. मग तुम्ही सगळे कोसेत्सुबाई म्हणायला लागलात, मी कशाला सुधारू? खरं नाव नवऱ्याला ठाऊक होतं, तो गेला. आता तुला. बोललास कुठे तर बघ.

पाच वर्षांची होते मी, आई पुन्हा बाळंत होत होती. मी दाराबाहेर हात जोडून बसलेले — माझंच काम ना ते, मला नेमलंच होतं त्यासाठी! मुलगी झाली. वडील बाहेर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, “एवढंसुद्धा जमलं नाही तुला.” मारलं नाही हं, कधीच नाही, बिचारे साधे होते. तिचं नाव हारुयो ठेवलं, वसंतात जन्मली म्हणून. आमच्या वडिलांना कंटाळा आला, म्हणून तिला धड नाव मिळालं! आणि मी वर्षभर त्या पोरीला चिमटे काढले — कोणी बघत नसताना. फार वाईट वाटतं रे अजून. ती आता नाही, नाहीतर सांगितलं असतं तिला.

काझुएला विचारलंस? तुझ्या बायकोला? सात दिवस अंथरुणावर आहे ती, एकदा तरी विचारलंस? — नाही ना. चटईकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. घरी जायचं, आईच्या देखत काझुएला विचारायचं, आणि ती म्हणेल ते नाव मी लिहीन. फुकट लिहीन. आणि तिनेही सासूच्या धाकाने तोमेच म्हटलं, तर पोरीला इथे आणून ठेव. मी वाढवीन. हसतोस काय? माझं वय बघून हसतोस? मला मूल झालं असतं तर मी नाव ठरवून ठेवलं होतं, दोन ठरवली होती, मुलीचीच — जा बघू तू. ऊठ. जा म्हणते ना!