वाटंवरची लंका

मला एक सांगा, घरातल्या माणसानं नकाशावर बोट टेकवून "ह्ये तर वाटंवरच हाय की!" म्हटलं, तर तुम्ही काय करता? हसून सोडून देता ना? तिथंच तर चुकतं! आमच्या शेजारच्या मंगलनं तसंच सोडून दिलं, आणि बघता बघता पाच दिवसांच्या सहलीत अकरा गावं घुसली... अकरा! अहो, ठाणाकुशनूरच्या बाजाराला जाणाऱ्या टमटममध्येसुद्धा एवढी दाटी नसते!

आता तुम्ही विचाराल, सहल कुठली? तर लंकेची! श्रीलंकेची! विमानानं! तुम्हाला सांगते, ज्या मंगलनं आजवर लांबचं गाव म्हणून हैदराबाद पाहिलं, तेही दवाखान्याच्या खिडकीतून, ती मंगल परदेशी निघाली. तिची लेक मैत्रेयी बेंगळूरला कंपनीत आहे, तिनं तिकिटं काढली. कुणासाठी? आजीसाठी. म्हणजे मंगलच्या सासूबाई, चांगुणाबाई. त्याचं असं झालं, की मागं कधीतरी विहारात एक भंतेजी आले होते. त्यांनी सांगितलं, एका सम्राटाच्या लेकीनं, संघमित्तेनं, बोधिवृक्षाची फांदी जहाजातून लंकेला नेली, अनुराधपुरात लावली, आणि ते झाड अजून उभं आहे. चांगुणाबाईंचा आ जो वासला तो वासलेलाच. "आन् येवढ्या पान्यातून नेताना वाळली न्हाई ती फांदी?" एवढंच विचारलं त्यांनी. त्या दिवसापासून म्हातारीचं एकच, "त्या झाडाखाली घडीभर टेकायचंय मला." दुसरं काही मागणं नाही हो. गुडघे गेलेत, तरी रोज विहारातल्या पिंपळाला तांब्याभर पाणी घालायला जातात, आणि जाताना त्या पिंपळाला सांगतात, "तुझ्या थोरल्याला भेटायला जायलीय मी."

पासपोर्ट आला तेव्हा तर बघायला हवं होतं तुम्ही! निळं पुस्तक, आत चांगुणाबाईंचा फोटो, डोक्यावर पदर, डोळे असे मोठे. ते पुस्तक गल्लीभर फिरलं. मैत्रेयी फोनवर म्हणाली, "आजी, बेंगळूरहून बिदरला यायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, पण लंकेला चहा पिऊन होईस्तोवर पोचतो आपण." चांगुणाबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजे लंका आपल्यापेक्षा जवळ हाय? आन् आपन येवढे दिवस हितंच बसलोत?"

तर मैत्रेयी आईला म्हणाली, "आई, कुठं कुठं जायचं ते तूच ठरव." झालं! मंगल राजेश्वर गावच्या शाळेत दहावी झालेली, भूगोलात वर्गात पहिली. तिनं मैत्रेयीचा शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला, लंकेचं पान उघडलं. भिंतीवर मैत्रेयीनंच शाळेत असताना काढलेला बिदर जिल्ह्याचा नकाशा लटकलेला होताच. मंगलनं वीत लावली. जिल्हा वीतभर. लंका? तीही वीतभर! मग बोट लावलं. चिंताकी ते बिदर एक बोट. कँडी ते अनुराधपूर? एक बोट! "आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "लंका आपल्या जिल्ह्याएवढीच हाय बघा." माणिकराव वाकले, त्यांनीही वीत लावली. माणिकरावांची वीत मोठी, त्यामुळं लंका आणखी लहान झाली. "हात्तिच्या! मग तर दुपारच्याला सगळा देश बघून होतो की!"

तुम्हाला सांगते, इथून जी सुरुवात झाली... कँडीला दंतधातूचं विहार, म्हणजे बुद्धांचा दात जपलाय ते, ते ठीक. "मग त्यो दगडावरला किल्ला बी घे. बिदरचा बघितला, आता त्येंचा बघू. वाटंवरच हाय की!" घेतला. "चहाचे मळे? आगं, जलमभर चहा पितो आपन, त्येचं झाड न्हाई बघायचं व्हय? वाटंवरच हाय!" घेतले. हत्ती? वाटंवरच. धबधबा? तो तर वाटेतच सांडतोय! समोरच्या रुद्रम्मा कुंपणावरून म्हणाल्या, "मंगलक्का, सीतामाईचं अशोकवन हाय म्हनं तिकडं. माझा नमस्कार तेवढा पोचवा. वाटंवरच असंल न्हवं?" आता शेजारणीच्या नमस्काराला नाही कसं म्हणायचं? घेतलं! आमच्याकडं तर रीतच आहे ना... वाटेत कुणाचं गाव लागलं आणि तुम्ही न थांबता गेलात, तर तो माणूस पोरीच्या लग्नापर्यंत ते लक्षात ठेवतो. मग लंकेतल्या गावांनी काय घोडं मारलंय? अशीच वाटेवरची म्हणून आणखी तीन घुसली.

आणि सगळ्यात शेवटी, अगदी बारीक अक्षरात, मंगलनं स्वतःचं एक घातलं. समुद्र. तो कशासाठी, ते कुणाला बोलली नाही. शाळेत नकाशे रंगवताना देशाच्या कडेनं निळा रंग ती द्यायची ना, खडूची पूड करून, कापसानं चोळून... सगळ्या वर्गाच्या नकाशांचे समुद्र तिच्याकडं रंगवायला यायचे. पन्नाशी आली, निळा रंग देऊन देऊन बोटं झिजली, पण तो असतो कसा ते बघितलेलं नाही! आपल्या बिदरला कुठला आलाय समुद्र? चारी बाजूंनी तूर.

मैत्रेयीनं फोनवर सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "आई, पाच दिवसांत एवढं होत नाही गं." माणिकराव फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "कामून होत न्हाई? जिल्ह्याएवढा तर देश! थांब, तुला करूनच दाखवतो. रैवारी आमी तालीम घेतो!"

तालीम! अहो, तुम्ही लग्नाची तालीम ऐकली असेल, गॅदरिंगची ऐकली असेल. सहलीची तालीम ऐकलीय कधी? सिद्धेश्वर अण्णाची जीप सांगितली, चांगुणाबाईंना पुढं बसवलं, आणि मंगलनं जिल्ह्यातल्या गावांना लंकेची नावं वाटून टाकली. चिंताकी म्हणजे कँडी. बिदर म्हणजे दगडावरचा किल्ला. हुमनाबाद म्हणजे चहाचे मळे. राजेश्वर, मंगलचं माहेर, ते अनुराधपूर. आणि बसवकल्याणच्या पुढं जिथं जिल्हा संपतो, तिथं समुद्र!

सकाळी चिंताकीत जीप थांबली. "चला, कँडी आलं, उतरा!" माणिकराव ओरडले. सिद्धेश्वर अण्णा म्हणाले, "साहेब, ही चिंताकी हाय." "आज कँडी हाय." तिथं माणिकरावांची बहीण राहते. ती दारात आली. "दादा, कँडी कोन?" "तू!" "मी? आन् मग कँडीच्या घरून उपाशी जातोस व्हय रे?" झालं! चूल पेटली. पिठलं आलं, भाकरी आली. मंगल आपली घड्याळ बघतेय, "वन्सं, आमाला किल्ल्यावर जायचंय." "किल्ला काय पळून जायलाय का? बहामनीच्या काळापून तिथंच हाय!" बरोबरच बोलली हो, काय चूक बोलली?

बिदरमध्ये किल्ल्याच्या दारात माणिकरावांना चुलतभाऊ भेटला. मग त्याचं घर. "वाटंवरच हाय!" वाटेवर नव्हतं, पार उलट्या बाजूला होतं. हुमनाबादला चहाचे मळे म्हणून एका हॉटेलात चहा प्यायले, तेवढीच काय ती गोष्ट ठरल्यासारखी झाली. पण तिथं मैत्रेयीच्या मैत्रिणीचे वडील भेटले, त्यांच्या घरी दुसरा चहा. तुम्हाला सांगते, राजेश्वरला जीप पोचली तेव्हा ऊन कललं होतं, सिद्धेश्वर अण्णा स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसले होते, आणि समुद्र अजून लांबच होता.

राजेश्वरच्या विहारापाशी पिंपळ आहे. चांगुणाबाईंना दोघांनी धरून उतरवलं. एक पाय खाली, मग थांबा. दुसरा पाय, मग थांबा. पारापर्यंत पोचल्या, पारावर टेकल्या, पाठ बुंध्याला लावली आणि डोळे मिटले. वर पानं वाजत होती... पिंपळाची पानं वारा नसतानाही वाजतात, बघितलंय ना तुम्ही? माणिकराव म्हणाले, "माय, चल, समुद्र ऱ्हायलाय." म्हातारी हलली नाही. मंगल घाबरून जवळ गेली. तर चांगुणाबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "मंगल, त्या थोरल्या झाडाची पानं बी अशीच वाजत असतील का गं?"

मंगलनं आपला सहलीचा कागद काढून बघितला. का, सांगू? तिनं जे ठरवलं होतं, त्यात अनुराधपूरला होता अर्धा तास! चपला काढण्यासकट! सासूबाईंना नुसतं खाली बसायलाच तेवढा वेळ लागतो. ज्या झाडासाठी सगळी लंका मांडली, त्या झाडाखाली म्हातारीनं टेकायच्या आधीच माणिकराव "चल माय, हत्ती" म्हणणार होते! मंगल पारावर सासूच्या बाजूला बसली. अंधार पडेपर्यंत बसली. त्या दिवशी जिल्हा काही संपला नाही.

घरी येऊन मैत्रेयीला फोन लावला. मंगल म्हणाली, "बाई, जिल्हाच उरकला न्हाई गं आमचा." मैत्रेयी हसायला लागली. "आई, नकाशाच्या खाली कोपऱ्यात बारीक रेघ असते, ती बघितलीस का? तुझी भिंतीवरची वीत शंभर-सव्वाशे किलोमीटरची, आणि लंकेची वीत चारशेच्या वर!" माणिकरावांनी आपली वीत डोळ्यांसमोर धरली, उलटी करून बघितली, जणू त्या हातानंच त्यांना फसवलं. आणि चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "आगं माय... येवढा मोठा देस, आन् त्या एकट्या लेकीनं फांदी आतपावेतो नेली?"

मग छाटणी सुरू झाली. तुम्हाला सांगते, शेतातलं तण काढणं सोपं, पण नवऱ्याच्या डोक्यातला हत्ती काढणं? "आगं, त्यो तर वाटंवरच..." "आवो, वाट कुठली? वाट चौपट झाली आता!" किल्ला गेला, त्याला पायऱ्याच पायऱ्या. मळे गेले. धबधबा आटला. अशोकवनाचा नमस्कार मैत्रेयी फोनवरच्या फोटोला करणार, रुद्रम्मांची त्याला संमती. उरलं कँडी, आणि उरलं अनुराधपूर, तेही सबंध दोन दिवस, घाई नाही, काही नाही, नुसतं झाडाखाली बसायचं. आणि सगळ्यात पहिलं मंगलनं काय खोडलं होतं माहितेय? समुद्र. कुणी मागितलेला नव्हताच, त्यामुळं तो का गेला, ते कुणी विचारलंही नाही. भिंतीला टेकून बसलेल्या चांगुणाबाई तिच्या हाताकडं बघत होत्या तेवढ्या.

तुम्ही म्हणाल, चला, सुटला एकदाचा तिढा. मलाही तसंच वाटलं होतं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली, नकाशाचं पान पुढ्यात ओढलं आणि कडेच्या निळ्यावर बोट ठेवून मैत्रेयीला फोन लावायला सांगितला. "बाळा, आपलं इमान उतरतंय त्या जागंपून समुद्र किती लांब हाय गं?" पलीकडून मैत्रेयी म्हणाली, "आजी, विमानतळाला लागूनच आहे की! गाडीत बसलं की आलाच." चांगुणाबाईंनी सुनेकडं बघितलं. "ऐकलीस का? खोडायलीस कामून मग? ह्यो तर खराच वाटंवर हाय." मंगल पदर तोंडाला लावून चुलीपुढं जाऊन बसली. मग तिनं समुद्र परत लिहिला, या खेपेला चांगला मोठ्या अक्षरात... आणि ती दूध उतरवायला गेली तेवढ्यात माणिकरावांनी त्याच्या खाली हत्ती लिहून ठेवला.