अर्ध्या वाक्यावरची टाळी

थांबा, थांबा! टाळी आत्ताच नको, मंडळी. अजून मी बोललोय कुठे? उभा राहिलो, उपरणं सावरलं, पेटीनं सूर धरला न धरला — तोच तुमच्या टाळ्या! बसा. हात मांडीवर ठेवा. आज मला या हातांचीच चौकशी करायचीय.

आवाज बसलाय, सांभाळून घ्या. मंगळवारपासून हे सहावं कीर्तन. तुमच्या गावातल्या घराघरातून काढा आला — आणि प्रत्येक घरचा काढा शेजारच्या घरापेक्षा जास्त कडू! पिऊन पिऊन दमलो, पण आवाज काही उठला नाही. असू दे. जेवढा आहे तेवढ्यात सांगतो.

तर प्रश्न असा. माणूस टाळी का वाजवतो? बाळ पहिलं पाऊल टाकतं — टाळी. आरती सुरू झाली — टाळी. पोरीला बक्षीस मिळालं — टाळी. आणि शेतात कणसावर पाखरं बसली, तर? तेव्हाही टाळीच की हो! हाट् हाट् करत, दोन्ही हातांनी! म्हणजे जवळ घ्यायची तीच टाळी, हाकलायची तीच टाळी. मग ज्याच्यासाठी वाजते त्याला कसं कळावं, की ही माझी पूजा चाललीय की मला उडवून लावतायत? माझे वडीलही कीर्तन करत. त्यांनी स्वतः जुळवलेली एक ओवी होती —

हात तेच दोन । नाद तोच एक ।
हाकलणे की कौतुक । मन जाणे ॥

मन जाणे! पण कुणाचं मन? वाजवणाऱ्याचं, की ऐकणाऱ्याचं? वडिलांनी ते सांगितलं नाही. मला एका घड्याळजीनं सांगितलं. ऐका.

कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव. नाव नाही सांगत. सांगितलं की उद्या तुमच्यातले चौघे गाडी काढून खात्री करायला जाणार! त्या गावात दिगंबर पोतनीस नावाचे गृहस्थ आहेत. सगळे दिगूअण्णा म्हणतात. वय सत्त्याहत्तर. बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. कान असा तिखट, की गिऱ्हाईक पायरीवर उभं असतानाच अण्णा म्हणायचे, "तुमचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय." — आता यात थोडं मी वाढवलंय. कीर्तनकाराला तेवढी मुभा असते.

या अण्णांचं दैवत एकच, गायक रंगनाथबुवा तांबवेकर. त्यांनाही बुवा म्हणायचे, मलाही बुवा म्हणता. पण तुलना करू नका, मला घाम फुटतो. बुवांचं नाव सगळ्या महाराष्ट्रात. अण्णा सव्वीस वर्षांचे होते तेव्हा गावच्या उत्सवमंडळाचे चिटणीस. त्यांनी बुवांना पत्र घातलं — आमच्या उत्सवात गायला या. उत्तर आलं, 'घसा आता साथ देत नाही. नको म्हणणार होतो. पण तू इतक्या मायेने बोलावतोस, तर येतो.'

आले. अडुसष्ट वर्षांचे. संध्याकाळी सहाची बैठक, देवळापुढचा मांडव गच्च भरलेला. बुवांनी यमन धरला. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग वरचा सूर लावायला गेले — आणि आवाज फाटला! बुवा खोकले, पाणी प्याले, पुन्हा गेले. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा गेले. मंडळी, आजारी माणूस जिना चढताना कठडा धरतो ना, तसा तो म्हातारा तंबोऱ्याचा सूर धरून वर जाऊ बघत होता. आणि मांडवात काय चाललं होतं? कुणी खाकरतंय. कुणी चपला शोधतंय. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

दिगूअण्णा पहिल्या रांगेत. कानशिलं तापली. "मी बोलावलं यांना! माझ्यामुळे हे हसं होतंय!" — आणि बुवा ताना घेत असताना, मधेच, अण्णांनी टाळी वाजवली.

कशाला वाजवली? त्यांना वाटलं, आता हे संपावं. गुपचूप, मानानं संपावं. एवढंच! पण ती एक टाळी पडली मात्र, मागची पाचशे माणसं जणू परवानगीचीच वाट बघत होती. कड कड कड कड! थांबेचना! तुम्ही नाटकं बघता, तुम्हाला ठाऊक आहे. कौतुकाची टाळी गाणं संपल्यावर पडते. उठवायची टाळी गाणं चालू असताना पडते.

बुवांनी तान सोडली. मांडवभर पाहिलं. हात जोडले. हसले! आणि खाली उतरताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आवडलं का रे, दिगू?"

काय सांगणार? अण्णा म्हणाले, "हो बुवा. फार."

"बरं," बुवा म्हणाले. "मग बास."

त्यानंतर रंगनाथबुवा चार वर्षं जगले. चारचौघांत पुन्हा गायले नाहीत.

आणि दिगूअण्णांच्या जिवाला एक प्रश्न लागला. बुवांना कळलं असेल का? ती टाळी कसली होती, हे त्यांना कळलं असेल का? रेडिओवर यमन लागला की अण्णा उठून बंद करायचे. बायकोलाही कारण माहीत नाही. कुमुदवहिनींना वाटायचं, यांना यमन आवडत नाही! मग अण्णांनीच मनाची समजूत काढली. बुवा भोळे होते. हसले ना? हात जोडले ना? त्यांना ते कौतुकच वाटलं असणार. या एका समजुतीवर माणूस पन्नास वर्षं जेवला आणि झोपला.

आणि मग बुवांवर सिनेमा निघाला.

सिनेमावाली मुलं गावात आली. गोड मुलं, पाया पडणारी, पण सारखी घाईत. त्यांनी विचारलं, "अण्णा, बुवांच्या शेवटच्या मैफलीत पहिली टाळी तुम्ही दिलीत म्हणे?"

"हो," अण्णा म्हणाले. "पण —"

तेवढ्यात कुमुदवहिनी पोहे घेऊन आल्या. मुलांनी पोह्यांची तारीफ केली, वहिनींनी अजून वाढले, त्या मैफलीची जुनी टेप मंडळाच्या ट्रंकेत आहे हे कुणीसं सांगितलं, आणि मुलं टेप घ्यायला पळाली. 'पण' तिथंच राहिला, पोह्यांच्या बशीत! मला सांगा, अण्णा खोटं बोलले का? एक अक्षर नाही! पण खरंही पुरतं बोलले नाहीत.

सिनेमा लागला. गावच्या थिएटरात दुपारी तीनचा खेळ. अख्खं गाव लोटलं. जो तो म्हणे, "आमच्या गावाचं नाव पडद्यावर येणार!" अण्णांना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची, शेजारी कुमुदवहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून. मंडळी, आजूबाजूला काय काय चाललं होतं ते तरी ऐका. बुवांचं लहानपण सुरू झालं, पहिल्या पाच मिनिटांत बायकांचे पदर डोळ्यांना. मागे एक मास्तर — प्रत्येक थिएटरात असतो असा एक — पुढं काय होणार ते शेजाऱ्याला आधीच सांगतोय. एक जण घोरत होता, गाणं लागलं की दचकून 'वाहवा!' म्हणायचा आणि परत घोरायचा. मध्यंतरात लाह्या खाता खाता जो तो म्हणे, "आमचे आजोबा होते हो त्या मैफलीला! काय प्रेम केलं आपल्या गावानं बुवांवर!" — ज्यांनी उभ्या जन्मात बुवांची एक तबकडी ऐकली नाही, ते म्हणत होते हो! अण्णा ऐकत होते. लाह्यांचा घास त्यांच्या तोंडात तसाच फिरत होता.

आणि शेवटी ती मैफल आली. पडद्यावरचे बुवा यमन गातात. आवाज फाटत-बिटत नाही! दुसऱ्याच कुणाच्या तरुण गळ्यातून स्वच्छ, रेशमासारखं गाणं. गाणं संपतं. शांतता. आणि पहिल्या रांगेतला एक देखणा तरुण डोळे पुसत उभा राहतो, आणि पहिली टाळी देतो!

थिएटर पेटलं! शिट्ट्या, टाळ्या, हुंदके. आणि अण्णा? अण्णा खुर्चीत थिजले. कारण गाणं दुसऱ्याचं होतं, मांडव खोटा होता, पण पडद्यावरच्या टाळ्या — त्या अस्सल होत्या! सिनेमावाल्यांनी ट्रंकेतल्या टेपेवरून त्या तशाच उचलल्या होत्या. घड्याळजीचा कान तो! पहिली टाळी पडली, आणि पन्नास वर्षांनी अण्णांनी स्वतःचे हात ओळखले.

— मागे कोण ते? कुणीतरी दोनदा वाजवलं आत्ता. डास मारला असेल. असू दे, असू दे.

खेळ संपला. दिवे लागले. पडद्यापुढे उत्सवमंडळाचे अध्यक्ष भोसेकर माइक घेऊन उभे. "तो पहिली टाळी देणारा तरुण आज आपल्यात आहे!" ओढून वर नेलं अण्णांना. शाल घातली. नारळ दिला. "अण्णा, दोन शब्द!"

बघा हं मंडळी. दोन शब्द म्हणजे 'आभारी आहे'. ते म्हणायचं आणि खाली उतरायचं. गाव खूश, भोसेकर खूश, खाली कुमुदवहिनींचा चेहरा तर फुललेला. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण अण्णा दमले होते हो! पन्नास वर्षं एक गोष्ट उचलून धरून माणूस दमतो. त्यांना वाटलं, आता इथंच खाली ठेवावी.

"मला काही सांगायचंय," अण्णा म्हणाले. "सिनेमात दाखवलं तसं झालं नव्हतं. बुवांचा आवाज त्या दिवशी लागत नव्हता. लोक हसायला लागले. मला लाज वाटली. ती टाळी मी —"

खोकला आला. अण्णा थांबले. पाणी मागितलं. लोकांत चुळबुळ. कुणी खाकरलं. पुढच्या खेळाची माणसं बाहेर दाराशी येऊन ठेपलेली. भोसेकर घड्याळ बघतायत — अण्णांनीच दुरुस्त केलेलं! अण्णांनी पुन्हा सुरुवात केली, "ती टाळी मी कौतुकाची नव्हती दिली, मी ती बुवांना —"

आणि वाक्य अर्ध्यावर असताना थिएटरातून एक टाळी पडली.

मागून दुसरी. मग सगळ्या. कड कड कड कड! कुणी म्हणालं, "वा अण्णा, किती हा विनय!" कुणाला चहाची तल्लफ आली होती. कुणाला म्हाताऱ्याची खरंच दया आली होती, वाटलं, बिचारा अडखळतोय, मानानं संपावं! वाईट कुणीच नव्हतं, मंडळी. आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

अण्णांनी थिएटरभर पाहिलं. मग काय केलं असेल त्यांनी? त्यांनी हात जोडले. आणि हसले! दुसरं करता काय येतं माणसाला?

नारळ वरच विसरला. पायऱ्या उतरताना कुमुदवहिनींनी हात दिला. "काय हो, असं मधेच का थांबलात? लोकांना किती आवडलं!"

अण्णा म्हणाले, "कुमुद, बुवांना कळलं होतं गं."

"काय कळलं होतं?"

"कळतंच ते. पहिल्या टाळीलाच कळतं."

पन्नास वर्षांची समजूत गेली! बुवांना सगळं कळलं होतं. कळूनच ते हसले, कळूनच खांद्यावर हात ठेवला. "आवडलं का रे, दिगू?" — तो प्रश्न नव्हता हो! पोराला खरं बोलायला दिलेली संधी होती ती. पोरगं 'हो' म्हणालं. मग म्हाताऱ्यानं तेही पोटात घातलं, 'बरं' म्हणाला, आणि गाणं मिटून ठेवलं.

थिएटरच्या पायरीवर बसून अण्णांनी कुमुदवहिनींना सगळं सांगितलं. पुढचा खेळ सुरू झाला, संपत आला, तरी सांगत होते. आणि त्या माउलीनं काय केलं ठाऊक आहे? ठेवणीतलं लुगडं धुळीत, शेजारी बसून नुसतं ऐकलं. मधे एक शब्द नाही. हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि सांगताना ते पहिल्यांदा रडले.

आता तुमच्याकडे वळतो. 'छे छे बुवा, आम्ही नाही असल्या टाळ्या वाजवत!' नाही? घरी सासरे जुनी गोष्ट सांगायला बसतात. तिसऱ्यांदा सांगतात, मान्य! तुम्ही म्हणता, "हो हो बाबा, छान, छान," आणि उठता. ही कसली टाळी? आई फोनवर बोलता बोलता एक शब्द शोधत थांबते. तुम्ही म्हणता, "बरं बरं आई, काळजी घे हं!" आणि फोन ठेवता. हात हातावर आपटले नाहीत, पण वाजली ना? तिला ऐकू गेली ना? तुम्हाला वाटतं, म्हाताऱ्यांना कुठं कळतंय. अहो, कळतं! तेही हसतात, 'बरं' म्हणतात, आणि पुन्हा म्हणून त्या गोष्टीचा विषय काढत नाहीत.

वडिलांच्या ओवीत मन कुणाचं, विचारत होतो ना? दोघांचंही. दोघांनाही ठाऊक असतं, आणि दोघंही हसत असतात.

मघाशी मागून पडल्या त्या दोन टाळ्या डासाच्या नव्हत्या. प्रसादाचा वास मलाही येतोय, माझा आवाज फाटतोय तो मलाही ऐकू येतोय. रागावलो नाही मी. दमलोय फक्त. पांडुरंगाचं नाव घेऊ, भजन करू, हात उचलू — पण माझं एवढं वाक्य पुरतं होऊ द्या, मी थांबेपर्यंत थांबा.

थांबलो.

आता वाजवा.