‘स्प्रिंग, लहान’

हॅलो? … हां, बोल गं. आत गेलीस का? … सामान दिलं? … मग आता कुठे, तपासणीच्या रांगेत? बरं… मग आवाज असा का झालाय तुझा?

काय टाकून दिलं? … कुणाचं? … अगं नीट सांग, आधी श्वास घे. पुढच्या माणसाची पाण्याची बाटली टाकली ना? टाकू देत की! तुझ्याकडे बाळाचं खाणं आहे… मी कशाला मनचं सांगू? परवा तूच फोन करून विचारलंस ना विमानवाल्यांना, माझ्यासमोर? वेगळं काढून दाखवा, म्हणाले ना? … मग झालं तर!

ऐक… अगं ऐक ना. दूध, सफरचंदाचा गर आणि ती बर्फाची लादी, तिन्ही निळ्या पिशवीत आहेत. पिशवी हातात ठेव. तुझी पाळी आली की आधी तोंडानं सांगायचं, बाळाचं खाणं आहे म्हणून. उघडतील, हुंगतील, मशीनला लावतील… लावू देत. चिडायचं नाही. तुझं नाक लगेच वर जातं… जातं! आईला नको शिकवूस.

पिटुकली काय करतेय? … झोपलीय? त्या गोंगाटात? … गुणाची गं बाई माझी. आईवर नाही गेली.

काय? सामान तपासायचा पट्टा बंद पडलाय? … म्हणजे आता सगळ्यांनी उभंच राहायचं. … नाही नाही, ठेवू नकोस, बोल. मी काय, रिकामीच आहे. तुमच्या खोलीतल्या चादरी काढत होते… तिच्या मोज्यांची एक जोडी सापडली उशीखाली. … रडत नाहीये. तू समोर बघ.

कसलं पीठ? … हां, ते मीच घातलंय. पारदर्शक बरणीत आहे, आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘भाजलेल्या तांदळाचं पीठ, बाळासाठी’. … हसतेस काय? पांढरं पीठ घेऊन विमानात बसायला निघालेल्या बाईचं काय होतं, ते मला विचार!

तुला सगळं कुठे माहितीय? तुझे बाबा सांगायचे ते अर्धंमुर्धं, वर तिखटमीठ लावून. आणि ते तर तिथं नव्हतेच!

अगं, तू आठ महिन्यांची. बाबा तिकडे परदेशात पुलाच्या कामावर, त्यांनी तुला नुसतं फोटोत पाहिलेलं. मी आणि तू, दोघीच निघालो. माझं पहिलंच विमान. … हो, अण्णा आलेले सोडायला. तुझे घड्याळजी आजोबा.

तसे माझे सासरे, पण सासूबाई आधीच गेलेल्या आणि मी दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात. मग तुला सांभाळलं कुणी? त्यांनीच. दुकानात त्यांच्या टेबलाशेजारी मोठी टोपली, टोपलीत तू, आणि हे डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसलेले. तू टॅहां केलंस की भिंग तसंच डोळ्याला ठेवून तुला उचलायचे. गिऱ्हाईक उभं, आणि हे भिंगातून तुझा दात आलाय का बघताहेत… खरंच सांगते!

तुझं खाणंही तेच करायचे. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे, मंद आचेवर भाजायचे, मग दळायचे. मी म्हणायचे, अण्णा, सरा, मी करते. तर म्हणायचे, तुझा हात घाईचा, करपवशील. … होताच घाईचा. आहेच अजून.

तर निघायच्या दिवशी त्यांनी काय करावं? वाटेत बरणीतून काढताना सांडेल म्हणून एकेका वेळचं पीठ एकेका डबीत भरलं. आणि डब्या कुठल्या? … दुकानातल्या! पत्र्याच्या, घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या. घासून लख्ख केलेल्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या… पण वरच्या अक्षरांचं काय? ती रंगानं लिहिलेली, ती कुठली निघायला! ‘स्प्रिंग, लहान’. ‘काटे, मिनिटाचे’. ‘स्क्रू, बारीक’.

हो ना! … हो, आणि आत पांढरं पीठ! … अगं हळू हस, उठेल ती.

तपासणीला एक बाई होती, उंच, करारी. तिनं डबी उघडली. पिठाकडे बघितलं, मग झाकणावरच्या अक्षरांकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, “यात स्प्रिंग कुठाय?” मी म्हटलं, “स्प्रिंग नाही हो, जेवण आहे.” … संपलंच! दुसऱ्या मिनिटाला मी बाजूच्या खोलीत. टेबलावर डब्या मांडलेल्या, भोवती माणसं, आणि तुझं भोकाड. भुकेची वेळ तुझी.

शेवटी ती बाई म्हणाली, जेवण आहे ना, मग भरवून दाखव मुलीला. त्यांच्याच चहाच्या किटलीतलं गरम पाणी दिलं. पण माझा हात घाईचा, निम्मं पीठ टेबलावर. तिनं वाटी माझ्या हातातून घेतली, स्वतः कालवलं. गुठळी राहू दिली नाही. बोटावर घेऊन चव बघितली. मग तुला मांडीवर घेऊन… हो, तिनंच भरवलं! पहिला घास तू फुर्रकन तिच्या गणवेशावर उडवलास. दुसरा गिळलास. मग मात्र थांबली नाहीस.

आणि तेवढ्यात एक शिपाई आत आला. म्हणाला, “बाई, बाहेर एक म्हातारबुवा दारावर धडका मारताहेत. म्हणताहेत, पीठ माझं आहे, डब्या माझ्या आहेत, सुनेला सोडा आणि मला धरा.”

अण्णा गं! … आयुष्यात कधी आवाज चढवला नाही त्या माणसानं. गिऱ्हाइकानं दुरुस्त केलेलं घड्याळ तोंडावर फेकलं तरी ‘बरं’ म्हणणारे. मला काचेतून आत नेताना त्यांनी पाहिलं, आणि…

थांब… पाणी पिते घोटभर.

हां. … त्या बाईनं वाटी माझ्या हातात दिली. उठली, तू तिच्याच कडेवर, आणि मला म्हणाली, चला. काचेच्या भिंतीपाशी नेलं मला. पलीकडे अण्णा. टोपी हातात, केस विस्कटलेले. आवाज पलीकडे जात नव्हता. त्यांनी हातानंच विचारलं… असं, बोटं तोंडाशी नेऊन… खाल्लं का तिनं?

मी रिकामी वाटी काचेला लावून दाखवली.

… हो. मग हसले. टोपी डोक्यावर घातली आणि जा, जा, म्हणून हात केला.

… तेच शेवटचं गं. नंतर फोनवर आवाज ऐकला कितीदा, पण बघणं ते शेवटचंच. … विचारलं नव्हतं कसं? किती मागे लागले होते मी, आमच्याबरोबर चला म्हणून! बाबांनीही तिकडून सांगितलेलं. तर म्हणे, दुकान कोण बघेल? पुढच्या वर्षी येतो.

…

काय म्हणालीस? … मी? मी कधी असं… आज सकाळी? तू टॅक्सीत बसताना? … अगं, माझं वेगळं आहे. माझ्याकडे शिवायला कपडे येऊन पडलेत लोकांचे, दुकान असं टाकून… हं. … हो, म्हणाले मी. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले खरं.

… हॅलो? … आहे गं. इथेच आहे.

अण्णांना तेव्हा वाटलं असेल का गं, पुढच्या वर्षी आपण खरंच येणार म्हणून? … मला वाटतं, वाटलं असणार. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

काय झालं? … सुरू झाला पट्टा? … बरं बरं, सरक पुढे. पिटुकलीला नीट घे, मान सांभाळ. पिशवी कुठाय? … हातातच ना? शाब्बास.

आणि ऐक… ऐक ना एक मिनिट! मी येते. … कुठे म्हणजे? तुझ्याकडे! … नाही, पुढच्या वर्षी नाही. ती रांगायला लागायच्या आत येते. हातातले कपडे देते शिवून, बाकीच्यांना सांगते, दुसरीकडे टाका. … हो, या दुखऱ्या गुडघ्यांसकट येते! … खरंच. तुझ्या गळ्याची शपथ.

अगं वेडे, रडतेस काय रांगेत, त्यांना वाटेल काहीतरी लपवून नेतेयस! … पूस डोळे. ती तपासणीवाली बघ, बोलावतेय ना तुला? … जा. आधी तोंडानं सांग… हो, हो, येते म्हटलं ना! आता ठेव तो फोन ट्रेमध्ये.