हजार चंद्र कोणाचे

वडिलांच्या जन्मनोंदीची नक्कल घ्यायला शोभाताई नागपूरच्या अभिलेख कक्षात बसल्या होत्या. पुढच्या बाकावरचं बोलणं कानी पडलं आणि त्यांचा जप मध्येच थांबला. खाप्याचे रुपराव आणि त्यांची बायको प्रयागबाई गावच्या कोतवालानं ठेवलेल्या जन्मनोंदीची नुकतीच मिळालेली नक्कल वाचत होते. रविवारी रुपरावांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि भटजींना जन्माची खरी तिथी हवी होती.

"कोतवाल बुकात तं माहा जन्म सत्तेचाळीसचा हाय वं."

"आन् शाळेत पंचेचाळीस कसं?"

"गुरुजीनं डोक्यावरून हात नेऊन कान धरायले लावला. मी उंच, हात पुरला. चार वर्षांच्या पोराले सहाचा लिहून टाकला."

"म्हणजे तुमी अठ्ठ्याहत्तरचेच? हजार चंद्र झालेच नाही?"

"नाही ना. आता पोराले काय सांगू? त्यानं सक्करदऱ्याले हॉल घेतला, साऱ्या गावाले पत्रिका गेल्या."

"मी तुमच्याहून किती लहान?"

"पंधरा दिवसानं. तुह्या मायनं तुही तारीख पंचांगात लिहून ठेवली होती."

"ते पंधरा दिवस तुमच्या शाळेच्या तारखेवरून ना?"

रुपरावांनी बोटांवर वर्षं मोजली.

"अवं, तू तं माह्याहून दोन वर्षानं मोठी निघाली."

"आन् जलमभर पोरगी समजून दटावलं मले."

"आता ताई म्हणू काय?"

"ते राहू द्या. रविवारचं काय करता, ते बोला."

"रविवारी तू बस चौरंगावर. तुहे तं हजार भरले."

"बाईचं कोणी करते काय?"

"काहून नाही? मी बाजूले बसतो."

"मंग पाया बी पडान काय माह्या?"

"पडतो ना. गुडघे बी दोन वर्षानं लहान झाले आता."