अक्कानं पंगत थांबवली

आमच्या थोरल्या अक्काला साधी समजू नका. हुमनाबादच्या तेल कंपनीत आम्हा संतपूरकरांचे थोडे थोडे शेअर हायत. यंदाच्या सालाना सभेत अक्कानं विचारलं, "तोटा कामून झाला? कोर्टात केस कशाची चाललीय?"

चेअरमन म्हणाले, "अक्का, आधी जेवून घ्या." दरसाली असंच. जेवलं की लोक बस धरायचे, सवाल तसाच राहायचा.

आमच्यात थोरल्यानं घास घेतल्याबिगर पंगतीत कुनी हात लावत न्हाई. थोरली अक्काच. ती हात मांडीवर ठेवून बसली. मग सगळीच तशीच बसली, शेजारी चेअरमन बी.

शेवटी तेच बोलले, "माझ्या मेव्हण्याला मॅनेजर केलं, तिथंच तोटा झाला. त्यानं मशिनीचे पैसे थकवले, म्हणून केस झाली."

"मॅनेजर बदला," अक्का म्हणाली. "अन् भजी गार झाल्यात, परत तळा. तेल आपल्याच कंपनीचं हाय."