बिनभोकाची पेटी

येसिद : भोकवालीच घ्या, मावशी. अख्ख्या बारांकिया शहरात गाडीतल्या सबवूफरला बंद पेटी मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

नेरेइदा : आता भेटलं ना? समोर उभी आहे.

येसिद : अहो, ते भोक उगीच नसतं. स्पीकर मागे जी हवा ढकलतो, ती त्यातून बाहेर येते. आवाज जवळजवळ दुप्पट! बंद पेटीत ती आतच कोंडून बसते.

नेरेइदा : मला शिकवतोस? पंचवीस वर्षं पिकोच्या मागे बसले मी. भिंतीएवढा स्पीकरांचा डोलारा तो, रस्त्यावरच्या नाचाला लावायचा. ट्रकमधून उतरवायला आठ माणसं लागायची. त्याचे सांधे कोण तपासायचं? मी. तो वाजत असताना सांध्यांवरून मेणबत्ती फिरवायची. ज्योत हलली, की तिथे सरस कमी पडलाय.

येसिद : कुठला पिको हो?

नेरेइदा : ‘ला मांताराया’. रेबोलो वस्तीतला.

येसिद : थांबा, थांबा. म्हणजे गाडीत बसलेत ते ‘ला मांताराया’वाले दागोबेर्तो? माझे बाबा त्यांच्या नावाने शपथा घ्यायचे!

नेरेइदा : तोच, माझा नवरा. पण हाका मारू नकोस. कार्निव्हलच्या आधी अर्धांगवायू झाला. तेव्हापासून बोलत नाही.

येसिद : अरेरे... मग मावशी, आता कशाला हा खटाटोप?

नेरेइदा : पायासाठी. व्यायाम करून घेणारी मुलगी येते ना, ती म्हणते, पाय त्यांनी स्वतःहून हलवला पाहिजे. आपण धरून हलवला तर उपयोग नाही. तिच्यासमोर नुसता दगड होऊन बसतो. पण परवा घरातल्या छोट्या रेडिओवर मी ‘तोमासाची शेळी’ हे गाणं लावलं, तर अंगठा हलला. एकदाच. त्या डबीतून ढोल कुठे ऐकू येतो? तो आला तर पाय उठेल. उठवणारच मी.

येसिद : ‘तोमासाची शेळी’... फोनवर शोधतो. छे. कुठेच नाही.

नेरेइदा : कसं असेल? आफ्रिकेतलं गाणं ते. बोटीवरच्या एका खलाशाकडून घेतलेली तबकडी. गाणारा काय म्हणतो ते कुणाला कळतंय? रेबोलोतल्या लोकांना ‘तोमासाची शेळी’ असं ऐकू आलं, झालं, तेच नाव. दुसऱ्या पिकोवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून माझ्या म्हाताऱ्याने तबकडीवरचा कागद खरवडून टाकला. खरं नाव त्याला एकट्याला ठाऊक. आता विचार जा! हे घे, भाच्याने पेनड्राइव्हवर भरून दिलंय.

येसिद : द्या. पण आधी भोकवाली डिकीत जोडतो. एकदा ऐका तरी.

(गाणं सुरू होतं. गाडीच्या काचा थरथरू लागतात.)

येसिद : काय म्हणता? शिरतो की नाही छातीत?

नेरेइदा : शिरतो, आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. बंद कर! अरे, तीन ठोके असतात आणि मग ढोल गप्प. त्या रिकाम्या जागेत आम्ही पाय बदलायचो. तीनशे माणसं, एकदम. धूळ उडायची नुसती. तुझ्या पेटीने ती जागाच खाल्ली. नुसतं घूं-घूं-घूं.

येसिद : लोकांना तेच आवडतं.

नेरेइदा : लोकांचे पाय धड आहेत. याने कुठे टाकायचा? दे तो टॉवेल.

येसिद : अहो, तोंड पुसायचा आहे तो!

नेरेइदा : भोकात कोंबते. हं, घट्ट. झाली बंद. लाव आता.

येसिद : बंद पेटी अशी नसते, मावशी. तिचं माप वेगळं, लहान असतं.

नेरेइदा : लहानच हवी. डिकीत याची चाकांची खुर्ची मावायला हवी. माप मागाहून काढ. लाव म्हणते ना!

येसिद : लावलं. बघा, बसला आवाज. रस्त्यापलीकडेसुद्धा जायचा नाही.

नेरेइदा : रस्त्यापलीकडे माझं कोण आहे? ऐक. एक, दोन, तीन. आणि?

येसिद : आणि... काहीच नाही.

नेरेइदा : तेच हवंय मला.

येसिद : बाबा सांगायचे, दागोबेर्तोचा ढोल सुरीने कापल्यासारखा थांबतो. मला वाटायचं, म्हातारे लोक बढाया मारतात. ठीक आहे. अठरा मिलिमीटरची फळी घेतो. आतून आडवी पट्टी. सांधे सरसाने भरतो.

नेरेइदा : दोनदा भर.

येसिद : दोनदा. गुरुवारी न्या.

नेरेइदा : बुधवारी. गुरुवारी ती मुलगी येते.

येसिद : बुधवार तर बुधवार. तुमच्यापुढे कोण बोल... मावशी! गाडीत बघा, त्यांचा पाय!

नेरेइदा : हळू बोल. केव्हाच बघितलंय मी. तू तोंड फिरव तिकडे, लाजला तर थांबेल.