मुहूर्तावर टाइम आउट

...नाही, पण मी म्हणतो, सिद्धार्थनं त्या सर्व्हरचं काय घोडं मारलं होतं? मद्रासेत, मैलापुरातल्या एका वीणेच्या दुकानात, लाकडाच्या भुशात मांडी ठोकून पोरगा साडेदहापासून एकच बटण दाबतोय, पडद्यावर 'कनेक्टिंग' उमटतंय, पुढं ठिपके सरकतायत, एक ठिपका, दोन ठिपके, साठ सेकंद जातायत, आणि मग काय? तर कनेक्शन टाइम्ड आउट! अहो, नाही म्हणा! पासवर्ड चुकला म्हणा, चालता हो म्हणा, माणूस समजून घेईल. पण साठ सेकंद उंबऱ्यावर ताटकळत ठेवायचं आणि शेवटी घरात कुणी नाही म्हणायचं, ही कुठली रीत?

तुम्हाला सांगतो, हा सिद्धार्थ मूळचा जळगावचा. राहायला वेलचेरीत, तीन पोरांत एक फ्लॅट, आणि नोकरी कंप्यूटरच्या कंपनीत. आता कंप्यूटरची कंपनी म्हटली की जगाला वाटतं, याला त्या डबड्यातलं सगळं येतं. खरं काय, तर गडी टेस्टिंगला! गेलं वर्षभर एकच रजेचा अर्ज उघडायचा, तारखेच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकायचं आणि अर्ज चिडतो का ते बघायचं, याचा पगार. वेबसाइट त्यानं उभ्या जन्मात चढवली नव्हती. पण शेजारच्या खुर्चीत सहाना बसायची ना! आणि सहानाचे वडील राघोत्तममामा, म्हणजे तंजावरकडचे मराठी, चार पिढ्या मद्रासेत, देवळाच्या तळ्यामागं वीणा-तंबोऱ्यांचं दुकान. सहानानं एकदा धीर करून घरात सिद्धार्थचं नाव काढलं. मामांनी ना गाव विचारलं, ना घराणं. वीणेला भोपळा बसवता बसवता म्हणाले, "कंप्यूटरवाला ना तो? मग दुकानाचं वेबसाइट चढवून दे म्हणाव. मागून त्याचं जातक बघतों."

म्हणजे साइट चढली तर पत्रिका उघडणार, आणि नाही चढली तर पत्रिका पाकिटात, पाकीट कपाटात, आणि सिद्धार्थ जळगावात!

बरं, चढवायची तीही मार्गळी लागायच्या आत. मार्गळी म्हणजे इकडचा डिसेंबर-जानेवारीचा महिना, गल्लोगल्ली गाणं, अमेरिकेतली मंडळी कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, ऐकायला येतात आणि जाताना वीणा घेऊन जातात. पण त्या महिन्यात नवं काम म्हणून सुरू करायचं नाही! मग उरला कुठला दिवस? बुधवार. बुधवारी वेळ कुठली? साडेदहा ते बारा. का? तर कुळिगै! दिवसातल्या ह्या दीड तासाला म्हणे असा गुण आहे, की त्यात केलेलं काम पुन्हा पुन्हा होतं. मामांचा विचार कसा सरळ बघा: कुळिगैत साइट चढली की गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येणार. आणि बारावर काटा गेला की लागला राहुकाल, मग दीड वाजेपर्यंत दाराबाहेर पाऊल नाही.

झालं. सिद्धार्थनं रजा टाकली. स्वतः तपासलेल्या अर्जावर! दुकानात येऊन बघतो तर मॉनिटरला कुंकू, मोडेमला विभूती, आणि नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं माउसच्या पुढ्यात एक लिंबू. अलमेलूमामींनी, म्हणजे सहानाच्या आईनं, तुपात थबथबलेला गोड पोंगल आणून समोर ठेवला आणि वेबसाइट चढेपर्यंत कुणी चमचा लावायचा नाही असं बजावून गेल्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, नाकाखाली वेलचीचा वास, मागं मामा पंचांग मांडीवर घेऊन बसलेले... दहा एकतीसला लिंबू चिरडलं, बटण दाबलं. साठ सेकंद. ठिपके. टाइम आउट!

पुन्हा दाबलं. टाइम आउट. पासवर्ड एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून टाकला, मामांना वाटलं मंत्र, त्यांनी हात जोडले. टाइम आउट!

मग लावला फोन होस्टिंगवाल्यांना. तिथं सुब्बा नावाचा एक प्राणी. आवाज असा, जसा नुकताच तूपभात खाऊन बसलाय. "सार, मोडेम बंद करून चालू करा सार." केलं. "सार, फायरवॉल काढा सार." काढली. "सार, अँटिव्हायरस काढा सार." तोही काढला. आता अंगावर कपडे तेवढे राहिले होते! पोर्ट एकवीस बघा, बघितला. पॅसिव्ह मोड लावा, लावला. पॅसिव्ह मोड काढा, काढला. आणि शेवटी थंडपणे काय म्हणतो, तर आमच्याकडून सगळं बरोबर आहे सार, ब्रॉडबँडवाल्यांना विचारा. ब्रॉडबँडवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, होस्टिंगवाल्यांना विचारा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! सगळ्यांकडून सगळं बरोबर, तर मग चुकीचं कोण? जळगावचा सिद्धार्थ?

आणि मागनं मामा. दर पाच मिनिटांनी, शांतपणे. "तंबी, कसाला उशीर?" आता कसाला, म्हणजे कशाला उशीर, हे माहीत असतं तर पोरगा इथं भुशात बसला असता का? अकरा पंचवीसला त्याची कानशिलं अशी तापली होती, की मामींनी त्यावर पापड भाजून घेतले असते. शेवटी तो वळला आणि दातावर दात आवळून बोलला, "मामा, कुळिगैत केलेलं पुन्हा पुन्हा होतं ना? मग पहिल्या फटक्याला टाइम आउट झालं, ते आता बारापर्यंत होतच राहणार."

मामांनी पंचांगात बघितलं. "होय की," म्हणाले, आणि पान उलटलं.

सिद्धार्थनं सुब्बाला तिसऱ्यांदा धरलं, आणि ह्या वेळी जळगावची केळी ज्या भाषेत ट्रकमध्ये भरतात त्या भाषेत. भाषा कळली नसेल, भाव कळला. सुब्बा आवाज उतरवून म्हणाला, "सार, खरं सांगू? मार्गळीच्या आधीचा शेवटचा चांगला टाइम आहे सार. साडेदहापासून दोनशे जण साइट चढवतायत. दागिनेवाले, साडीवाले, तीन लग्नाचे कल्याणमंडप. आत एका वेळी पन्नासच जण मावतात. तुम्ही बारानंतर या सार. राहुकालात कुणी नसतं, आम्हीही तेव्हाच जेवतो."

बघा! तासभर माणसाला फायरवॉल सोडायला लावली, आणि भानगड काय, तर अख्खं शहर एकाच मुहूर्ताच्या दारात चेंगराचेंगरी करतंय!

बारा वाजले. मामांनी पंचांग मिटलं, चष्मा काढला. "संपलं, तंबी. तै महिन्यात बघू." म्हणजे जानेवारीच्या मध्यात. आणि तै महिन्यात कोइमतूरचं एक स्थळ सहानाला बघायला येणार होतं! सहाना अर्धी रजा टाकून दारात उभी होती. तिनं फक्त सिद्धार्थकडं असं बघितलं, की त्यापेक्षा टाइम आउट परवडला.

फोन अजून कानाला होता. काय सुचलं कोण जाणे, पोरानं विचारलं, ते तुमचं यंत्र बसवलंय तरी कुठं? टेक्सासला सार, अमेरिका, असं सुब्बा म्हणाला आणि जेवायला गेला.

"मामा," सिद्धार्थ म्हणाला, "साइट इथं चढतच नाही. ती चढते टेक्सासात. तिथं आत्ता रात्रीचे साडेबारा. सूर्य उगवेपर्यंत पंचांगाचा वार बदलत नाही, म्हणजे तिथं अजून मंगळवार. मंगळवारी राहुकाल कधी?"

"तीन ते साडेचार."

"तो केव्हाच होऊन गेला."

मामांनी चष्मा पुन्हा लावला. पंचांग पुढून मागं आणि मागून पुढं चाळलं. त्यात तिरुची होतं, मदुरै होतं, टेक्सास नव्हतं. शेवटी मामा म्हणाले, "सेरि. दाबा."

दाबलं. साठ कुठले, सहा सेकंदांत दार सताड उघडं! आत चिटपाखरू नाही, सगळं मद्रास राहुकालात हात बांधून बसलेलं, आणि सिद्धार्थ एकटा सरदारासारखा फायली आत ढकलतोय. पाच मिनिटांत सगळ्या वीणा, सगळे तंबोरे, आणि मधोमध मामांच्या वडिलांचा फोटो पडद्यावर! मामांनी टोपी काढावी तसा चष्मा काढून पुसला. मामींनी पोंगल वाढला.

सिद्धार्थनं पहिला घास तोंडाशी नेला, आणि मामांनी खिशातनं पाकीट काढून पुढ्यात ठेवलं.

"तुमचं जातक मी गेल्या आठवड्यातच बघितलं, तंबी. मैलापुरात जुळत नाही."

म्हणजे... गेल्या आठवड्यात! तुम्हीच सांगा, माणसानं चिडायचं कुणावर? घास तसाच हवेत.

मामा पाकीट बोटानं पुढं सरकवत म्हणाले, "टेक्सासात जुळतं का, ते बघा."

सिद्धार्थनं घास परत ठेवला, हात धुतले, पुन्हा कंप्यूटरपुढं त्या भुशात मांडी घातली आणि निमूटपणे विचारलं, "मामा, जन्मवेळ तिकडची टाकू, की आपली?"